आधी गोळी, मग कात्री

डॉक्टरीणबाईंनी दंडाला पट्टा गुंडाळून रबरी फुगा दाबायला सुरुवात केली, तेव्हा झुंबरबाईने डोळे गच्च मिटून घेतले. तिला वाटलं, आता सुई टोचणार. सुई काही टोचली नाही. पट्टा आवळत गेला, दंडात ठणका मारायला लागला, मग हळूहळू सैल झाला. तिने एक डोळा किलकिला करून पाहिलं, तर डॉक्टरीणबाई कपाळाला आठ्या घालून काट्याकडे बघत होत्या.

"परत एकदा घेते," त्या म्हणाल्या.

परत घेतलं. मागं रांगेत उभी असलेली टोळी खुसुखुसु हसायला लागली. सुरगाण्याच्या घाटापलीकडच्या एका पाड्यावरची ही पंधरा माणसं, दर हिवाळ्यात दिंडोरीजवळच्या या द्राक्षबागेत विरळणीला यायची. घडातले दाटीचे मणी बारक्या कात्रीने काढून टाकायचे, म्हणजे उरलेले फुगतात. काम हलकं वाटतं, पण दिवसभर मांडवाखाली हात वर धरून उभं राहिलं की संध्याकाळी भाकरीचा तुकडा मोडायलाही बोटं वळत नाहीत. बाकीच्या टोळ्यांना मोटारसायकलवर हिंडणारे मुकादम असत. या टोळीची म्होरकी झुंबरबाई होती, आणि तिला मोटारसायकल सोडा, अंगठ्याशिवाय सहीसुद्धा येत नव्हती.

"एकशे नव्वद," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "खालचा एकशे दहा. आजी, डोकं दुखतं का?"

"कुनाचं दुखत नाय?"

"दम लागतो?"

"चढाला लागतो. बागंत कुठं चढ हाय?"

या डॉक्टरीणबाईंचं नाव झेबा. दिंडोरीच्या बाजाररस्त्यावर त्यांचा दवाखाना होता. बागेचा मालक दिनेश याने त्यांना मुद्दाम गाडी पाठवून आणलं होतं. या वर्षी, म्हणजे दोन हजार सहा साली, त्याला माल परदेशी पाठवायचा होता, आणि त्यासाठी मजुरांची तपासणी झाल्याचा कागद फाइलीत लावायचा होता. मजूर जगले काय न् गेले काय, कागद मात्र तंदुरुस्त पाहिजे होता.

झुंबरबाईनंतर तिचा नवरा पुंजा बसला. त्याचा दाब निघाला एकशे वीस. तो सगळ्यांना सांगत सुटला, की "माझ्यावर हिचाच दाब एवढा, की दुसऱ्याला जागाच नाय." पुंजाचा चुलतभाऊ सहादू बसला, तो एकशे ऐंशीवर गेला. विधवा सगुणाबाई बसली, तीही तेवढ्यावरच. बाकीची सगळी तरणी पोरं, त्यांचं ठीक होतं.

शेजारी प्लास्टिकच्या खुर्चीवर दिनेशचे वडील भिमाजीतात्या ऊन खात बसले होते. जुन्या काळातले मॅट्रिक, रोज दोन वर्तमानपत्रं वाचणारे. तीन वर्षांपूर्वी नाशिकच्या दवाखान्यात त्यांच्या काळजाच्या नळीत स्प्रिंग बसवली होती, आणि ती गोष्ट न ऐकलेला माणूस पंचक्रोशीत उरला नव्हता.

"माझाही बघा," तात्या बाही वर सारत म्हणाले.

तात्यांचा निघाला एकशे अठ्ठ्याहत्तर. डॉक्टरीणबाईंनी भुवया वर केल्या.

"तात्या, तुम्ही गोळ्या घेता ना?"

"घेतो तर. चार प्रकारच्या घेतो," तात्या अभिमानाने म्हणाले.

तपासणी संपल्यावर दिनेशने झुंबरबाईला शेडच्या कोपऱ्यात बोलावलं. तो वाईट माणूस नव्हता. पण घाबरलेला माणूस वाईटाइतकंच वाईट करून बसतो.

"मावशी, राग मानू नका. तुम्ही, सहादू आणि सगुणाबाई, तुम्हा तिघांना उद्या जीपमध्ये बसवून देतो. पार पाड्यापर्यंत."

"का बरं? कात्री चालंना का आमची?"

"तसं नाही. पण बागेत काही झालं, तर ते माझ्या कागदावर येतं. सावळीरामच्या वेळी कागद नव्हता. आता आहे."

सावळीराम हा झुंबरबाईचा धाकटा भाऊ. पाच वर्षांपूर्वी याच बागेत, विहिरीकडच्या तुकड्यात, तो छातीवर हात ठेवून वेलीखाली बसला आणि बसल्या जागी गेला. वात झाला, असं सगळे म्हणाले. झुंबरबाईही तेच म्हणाली, कारण दुसरा शब्द तिच्याकडे नव्हता.

घरची नागलीची भाकरी होळीपर्यंत पुरायची. पुढचे चार महिने याच कामावर निघायचे. आणि नुसतं तेवढंच नव्हतं. एकदा टोळीतून दुखणेकरी म्हणून घरी पाठवलेलं माणूस दुसऱ्या वर्षी कुणी बोलवत नाही. मग पाड्यावर सुनेच्या चुलीपाशी बसून राख सावरायची. झुंबरबाईला मरणाची एवढी भीती नव्हती. त्या राखेची होती.

ती तरातरा डॉक्टरीणबाईंकडे गेली. त्या यंत्राची पेटी बंद करत होत्या.

"बाई, हा दाब उतरतो का?"

"उतरतो की. रोज गोळी, मीठ कमी. महिन्याभरात बराच खाली येईल."

झुंबरबाई दिनेशकडे वळली. "महिना द्या. महिन्यानं बाईंना पुन्हा आना. नाय उतरला, तर जीप नको, आमी पायी जातो."

तात्या खुर्चीतून मोठ्याने हसले. "झुंबर, माझा दहा वर्षांत उतरला नाही. नाशिकचे डॉक्टर, महागाच्या गोळ्या. तुझा महिन्यात उतरणार?"

"तुमच्या खाली आनून दावते."

"आण. आणलास तर दिवसभर तुमच्या टोळीला पाणी वाहीन मी. हा भिमाजी."

"अन् आमी तिघं काढणी होईतो ऱ्हाणार."

दिनेश काही बोलणार होता, पण बापाने भर शेडमध्ये पैज मारल्यावर त्याला तोंड उघडायला जागा राहिली नाही.

*

डॉक्टरीणबाईंनी तिघांना दहा-दहा गोळ्या दिल्या. त्या संपल्या की दवाखान्यात येऊन पुढच्या न्यायच्या, असं सांगून त्या गेल्या. आणि त्याच संध्याकाळी या शहाण्या माणसांनी जे केलं, ते फक्त त्यांनाच सुचू शकत होतं.

टोळीचा एक नेम होता. पाड्यावरून चालत आला होता. ओढ्यात मासे सापडले तर सगळ्यांना सारखा वाटा. ससा मारला तर वाटेवर भेटलेल्यालाही वाटा. एकट्याने खाल्लेलं अंगी लागत नाही, असं या लोकांचं पक्कं म्हणणं. सगुणाबाईने झोपडीपुढे फडकं अंथरलं. तिघांच्या पुड्या त्यावर ओतल्या. माणसं पंधरा, गोळ्या तीस. दोन-दोन आल्या. पुंजाने दाब नसूनही आपल्या दोन हक्काने घेतल्या. पोरांनीही घेतल्या. औषध चांगलं असतं, वाईट थोडंच असतं?

सकाळी किशोरने दोन्ही गोळ्या चहाबरोबर गिळल्या आणि फवारणीच्या ट्रॅक्टरवर चढला. किशोर म्हणजे झुंबरबाईचा नातजावई, बाविशीतला गडी, बैलासारखा धट्टाकट्टा. दोन ओळी झाल्या आणि त्याच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. नशीब, ट्रॅक्टर हळू होता. तो स्टेअरिंगवर डोकं टेकून बसला आणि "आजी, मांडव फिरतोय," म्हणायला लागला.

रोग रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला, तशातली गत. दिनेशने कपाळाला हात लावला.

त्या दिवशी झुंबरबाई जीपमधून दिंडोरीला गेली. डॉक्टरीणबाईंपुढे उभी राहून तिने जे झालं ते सगळं सांगितलं. लपवलं काही नाही. बाकड्यावर बसलेल्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. झुंबरबाईचे कान तापले. आयुष्यात अंगठा उठवताना तिला कधी लाज वाटली नव्हती. त्या दिवशी वाटली.

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. "आजी, ही भाकरी नाही वाटून खायला. ज्याची त्याने घ्यायची. एकेक, रोज सकाळी. बरं वाटलं तरी घ्यायची. तुम्ही ठरवलंत तर होईल, म्हणून तुम्हालाच सांगते."

"अन् मीठ?"

"मीठ, लोणचं, सुके मासे, सगळं कमी. भाजी खा, फळं खा."

झुंबरबाईने त्यांच्याकडे नीट पाहिलं. दिवसभर द्राक्षांच्या मांडवाखाली उभं राहायचं आणि रात्री मीठ-मिरचीशी भाकरी खायची, हे या बाईला कुठून माहीत असणार? पण बाई मनाची चांगली होती, म्हणून ती एवढंच म्हणाली, "फळं लय हायत आमच्याकडं. दुसऱ्याची हायत, एवढंच."

डॉक्टरीणबाई कागदावर काही लिहीत होत्या, त्या थांबल्या. मग त्यांनी ड्रॉवरमधून तिघांच्या महिन्याच्या गोळ्या काढून दिल्या आणि पैसे घेतले नाहीत.

*

दुसऱ्या दिवसापासून झुंबरबाईने नवा कायदा केला. कात्र्या मालकाच्या असत. रोज सकाळी ती टोपलीतून एकेकाला देई आणि संध्याकाळी मोजून परत घेई. आता टोपलीशेजारी गोळ्या ठेवलेली तिची चंची आली आणि पाण्याचा तांब्या आला. तिघांनी आधी तिच्यापुढे गोळी गिळायची, तोंड उघडून दाखवायचं, मगच हातात कात्री.

"आधी गोळी, मग कात्री," ती म्हणायची. स्वतःची गोळी ती सगळ्यांत आधी गिळायची आणि पुंजाला तोंड उघडून दाखवायची, म्हणजे कुणाला बोट ठेवायला जागा नको.

सगुणाबाई गरीब, ती गुमान गिळायची. सहादू मात्र बारा गावचं पाणी प्यायलेला. आठ दिवस त्याने गोळी घेतली. नवव्या दिवशी तो म्हणाला, "वैनी, मला आता काय व्हत नाय. डोकं हलकं झालंय. बरं वाटतंय तं औषध कशाला?"

"बाईंनी सांगितलंय, रोज घ्यायाची."

"बाईंचं काय जातं सांगाया? दुखत नाय तिथं औषध लावनारा म्हंजे येडा. पाड्यावर कुनी असं केल्यालं तू पायलंय का?"

झुंबरबाईने नव्हतं पाहिलं. पाड्यावर दुखलं की पाला चोळायचा, थांबलं की विसरायचं. तिलाही मनातून सहादूचं पटत होतं, आणि म्हणूनच तिला त्याचा राग आला. तेवढ्यात शेजारच्या तुकड्यातून किशोरचा ट्रॅक्टर फवारा उडवत आला. धुकं पडलं की फवारणी ठरलेली. हिरव्यागार, तुकतुकीत पानांवर औषधाचा पांढरा थर बसत होता.

"सहादू, त्या पानावर रोग हाय का?" तिने विचारलं.

"कुठं? सोन्यावानी पान हाय."

"मंग किशोर का मारतोय?"

"डावणी येऊ नये म्हनून. पानावर डावणी दिसली म्हंजे फवारून काय उपेग? तोवर बाग गेल्याली असती."

बोलून झाल्यावर सहादू त्या पानाकडेच बघत राहिला. वीस वर्षं द्राक्षात काढलेला माणूस, त्याला हे कुणी शिकवायची गरज नव्हती. झुंबरबाईने तांब्या पुढे केला. सहादूने गोळी तोंडात टाकली, वर पाणी घेतलं आणि कधी नव्हे ते न सांगता तोंड उघडून दाखवलं.

मिठाचं मात्र अवघड झालं. पंधरा माणसांचं एकच कालवण शिजायचं. तिघांसाठी वेगळं आळणी काढलं, तर पहिल्याच घासाला सगुणाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. आळणी होतं म्हणून नाही. जन्मात पहिल्यांदा तिला वेगळ्या भांड्यातलं वाढलं होतं. तिसऱ्या दिवशी सहादू बोंबील भाजून खाताना सापडला. चोरून बोंबील खाणारा माणूस अजून जन्माला यायचाय. वास अख्ख्या बागेला सांगत सुटतो.

झुंबरबाई त्याच्यावर ओरडणार होती. पण तिची नात आशा, किशोरची बायको, मध्ये पडली. आशा आश्रमशाळेत सातवीपर्यंत शिकलेली, टोळीत तेवढी तीच वाचणारी.

"आजी, गोळी वाटून घेता येत नाय. पन आळनी तं येतं?"

"म्हंजे?"

"सगळ्यांचंच आळनी करू. एकच तवली, सारखा वाटा. आमाला काय व्हनार हाय?"

पोरांनी तोंडं वाकडी केली. पुंजा तर म्हणाला, की "माझा दाब चांगला हाय, मी का शिक्षा भोगू?" पण वाट्याच्या नेमापुढे कुणाचं चालत नव्हतं. त्या रात्रीपासून मिठाचा डबा आशाच्या ताब्यात गेला. बांधावर चिल, घोळ, तांदुळजा माजला होता, तण म्हणून उपटून फेकायचे. आता त्याची भाजी व्हायला लागली. लसूण आणि मिरची जास्त, मीठ चिमूटभर. पहिले आठ दिवस सगळी टोळी उपास धरल्यासारखं तोंड करून जेवली. नंतर सवय झाली. गरिबाला सवय लागायला वेळ लागत नाही, ही एक गोष्ट त्याच्या बाजूची असते.

*

दुपारची सुट्टी झाली की तात्या काठी टेकत बांधावर येऊन बसायचे. पैजेचा शत्रू काय करतो ते बघायला येत असावेत. एकदा ते औषधाचा डबा बरोबर घेऊन आले. पारदर्शक, सात खणांचा, खणाखणावर वार छापलेले. नाशिकहून आणलेला.

"बघ. याला म्हणतात शिस्त. तुझी ती चंची."

झुंबरबाईने डबा हातात घेऊन फिरवला. तिला वार वाचता येत नव्हते, पण भरलेला खण आणि रिकामा खण कुणालाही कळतो.

"आज कोनता वार, तात्या?"

"गुरुवार."

"सोमवार पयला ना? मंग हे पयले दोन खण भरल्याले कसे?"

तात्यांनी डबा हळूच परत घेतला. "राहिल्या घ्यायच्या. दिनेशची आई होती तोवर हातात आणून द्यायची. आता कोण देणार? सून तिच्या कामात असते." मग म्हणाले, "आणि जेवताना पापड लागतोच मला."

झुंबरबाई हसली नाही. कित्येक दिवस मनात असलेलं तिने विचारलं. "तात्या, तुमाला ती स्प्रिंग बसवली, तवा काय झालं व्हतं?"

ही गोष्ट तात्यांनी शंभर वेळा सांगितली होती. सुरुवात नेहमीसारखी रंगात झाली. "सकाळी उठलो तर छातीवर कुणी दगड ठेवल्यासारखं. घामाने सदरा भिजला. डावा हात जड, जबड्यापर्यंत कळ. वाटलं, ढेकर आला की बरं वाटेल..."

"सावळीरामला असंच व्हत व्हतं," झुंबरबाई म्हणाली. "हात असाच धरला व्हता त्यानं. ढेकर येईना म्हनत व्हता."

तात्यांनी काठीने मातीत रेघ ओढली.

"वात नव्हता तो, झुंबर."

"नव्हता?"

"नाही. माझंच दुखणं होतं ते. मला दिनेशने गाडीत घालून तासाभरात नाशिकला नेलं. सावळीरामला मी सोड्याची बाटली पाठवली होती. मीच. नाशिकला त्या पलंगावर पडल्या पडल्या मला ते आठवलं. कुणाला बोललो नाही."

झुंबरबाईला रडू आलं. पाच वर्षं ती भावावर चिडून होती, की एवढ्या वाताने माणूस कसा मरतो, धीरच नव्हता त्याला. आता तिला त्याची कीव आली आणि स्वतःचा राग आला. तात्यांचाही आला. ते समोर बसले होते, जिवंत, आणि त्यांनाही ते कळत होतं.

"गाडी व्हती ना तवा पन दारात?" तिने विचारलं.

"होती."

सुट्टी संपल्यावर ती पदराने डोळे पुसून मांडवाखाली गेली. त्या दिवशी तिची कात्री एवढी जलद चालली, की पुंजा मागे पडला आणि "आगं, जरा दमानं," म्हणत राहिला. आता ती नुसती कामावर राहण्यासाठी गोळी घेणार नव्हती. सावळीरामच्या वाट्याचंही तिला जगायचं होतं.

*

महिना भरला. डॉक्टरीणबाई पेटी घेऊन शेडमध्ये आल्या. या वेळी शेडमध्ये बागेतली दुसरी टोळीही जमली होती, ट्रॅक्टरवाले होते, दिनेशची बायको होती. पैजेची बातमी गावात गेली होती, त्यामुळे गावातले दोन-चार रिकामटेकडेही पान खात उभे होते. दिनेश फाइल उघडून बसला होता. तीन नावांपुढची जागा कोरी होती.

पहिली सगुणाबाई. एकशे अडतीस. ती उठली आणि कोपऱ्यात जाऊन उगाच नाक पुसत राहिली.

मग सहादू. एकशे चव्वेचाळीस.

"बोंबलाचे चार जास्त," पुंजा म्हणाला. शेड हसलं.

झुंबरबाई बसली. या वेळी तिने डोळे मिटले नाहीत. काट्यावर नजर ठेवून बसली. काटा वर गेला, थरथरला, खाली यायला लागला. एकशे साठ गेलं, दीडशे गेलं. तिला आकडे कळत नव्हते, पण आशा मागे उभी राहून पुटपुटत होती, आणि आशाचा आवाज हळूहळू वर चढत होता.

"एकशे चौतीस," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "खालचा चौऱ्याऐंशी." मग त्या उठल्या आणि त्यांनी झुंबरबाईचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. "आजी, माझे शिकलेले पेशंट महिनाभर ऐकत नाहीत हो."

टोळीने शेड डोक्यावर घेतलं. किशोरने रिकाम्या क्रेटवर ताल धरला, पोरी फेर धरून नाचायला लागल्या. झुंबरबाई तशीच बसून होती.

"थांबा," ती शेवटी म्हणाली. "तात्यांचा राहिलाय."

तात्या आले. बाही वर केली. एकशे बहात्तर.

कुणी हसलं नाही. त्यांनीच बाही खाली केली, खुर्चीतून उठले आणि दिनेशला म्हणाले, "लिही. तिघांची नावं लिही. काढणी होईपर्यंत. आणि पुढच्या सालासाठीही आताच लिहून ठेव."

दिनेशने लिहिलं.

"आता कळशी कुठाय?" तात्यांनी विचारलं.

दिनेश घाबरला. पण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "लहान कळशी द्या, अर्धी भरून. जपून चालले तर चांगलंच आहे त्यांना. खुर्चीपेक्षा बरं."

त्या दिवशी गावाने पाहिलं ते पुढे बरीच वर्षं सांगितलं गेलं. भिमाजीतात्या धोतराचा सोगा खोचून, डोक्याला टॉवेल बांधून, ओळीओळीने पाणी देत होते. दुपारपर्यंत त्यांना टोळीतल्या प्रत्येकाचं नाव पाठ झालं. वीस वर्षांत झालं नव्हतं. सहादूने मुद्दाम चारदा पाणी मागितलं. त्याला तेवढी तहान नव्हती.

जेवणाच्या वेळी आशाने तवलीतून पंधराऐवजी सोळा वाटे केले. तात्यांनी मांडी घातली, तांदुळजाच्या भाजीशी भाकरीचा घास घेतला आणि थांबले.

"मीठ विसरलीस गं पोरी."

"नाय विसरली," आशा म्हणाली.

तात्यांनी सगळ्यांकडे पाहिलं. पंधरा माणसं खाली मान घालून जेवत होती. मग त्यांनीही मान खाली घातली आणि वाटा संपवला.

*

पैज एका दिवसाची होती. दुसऱ्या दिवशी टोळीला विहिरीकडच्या तुकड्यात लागायचं होतं. त्या तुकड्यात तात्या पाच वर्षांत फिरकले नव्हते, हे सगळ्यांना माहीत होतं.

सकाळी धुकं होतं. झुंबरबाईने कात्र्यांची टोपली मांडली, चंची सोडली, तांब्या भरला. स्वतःची गोळी गिळून तिने पुंजाला तोंड दाखवलं. सहादूने गोळी घेतली. सगुणाबाईने घेतली. सगुणाबाईच्या मागे शाल पांघरून कुणी उभं होतं.

"तात्या? पैज तं काल फिटली."

तात्यांनी मूठ उघडली. तळहातावर त्यांच्या चार गोळ्या होत्या. रात्रभर मुठीत धरून बसल्यासारख्या घामेजल्या होत्या.

"घरी एकट्याला राहून जातं," ते म्हणाले.

झुंबरबाईने तांब्या पुढे केला. तात्यांनी चारही गोळ्या एकेक करून गिळल्या, वर पाणी घेतलं आणि सहादू करायचा तसं तोंड उघडून दाखवलं. मागे पोरं हसली. मग तात्यांनी हात मागे घेतला नाही, तसाच पुढे धरून उभे राहिले.

झुंबरबाईने टोपलीत हात घातला. दोन कात्र्या उचलून खाली ठेवल्या, तिसरीची धार अंगठ्याने पाहिली आणि ती त्यांच्या हातात दिली.

"चला," ती म्हणाली. "सावळीरामची ओळ धरू. एका बाजूनं तुमी, दुसऱ्या बाजूनं मी."